सातवा सांधा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्रमुख पाहुण्या, आपल्या प्रयोगशाळेचे संचालक साहेब, सगळ्या विभागांतले माझे सहकारी, वर्कशॉपमधली आणि कॅन्टीनमधली मंडळी, आजच्या दिवसासाठी मुद्दाम वाट वाकडी करून आलेले निवृत्त ज्येष्ठ, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आपणा सर्वांना माझा सादर नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि अध्यक्षांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मला इथून दिसतंय. साहेब, मी सव्वीस वर्षं सिरॅमिक सेक्शनमध्ये काढली आहेत, ज्याला तुम्ही सगळे भट्टी म्हणता. भट्टी लवकर उघडली तर आतलं सगळं तडकतं. तेव्हा पाचदहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी पाच जण बोलले. फार छान बोलले. पाचही जणांनी ताईच्या मोज्यांची गोष्ट सांगितली. नमुना-भांडाराच्या दारात ती कशी उभी राहायची, हातमोजे घातल्याशिवाय कुणाला आत कशी सोडायची नाही, एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांनाही तिनं "आधी मोजे, मग ओळख" असं कसं सुनावलं. सभागृह हसून हसून बेजार झालं. मीही हसले. आपल्याकडे तिला खऱ्या नावानं कोणी हाक मारतच नाही. मोजेताई. नवीन लागलेल्या मुलींना तर वाटतं की पगारपत्रकावरही तेच नाव असेल.

पण हे नाव तिला पडलं कधीपासून, हे पाचांपैकी कुणी सांगितलं नाही. त्यांना माहीत नाही, म्हणून सांगितलं नाही. मला माहीत आहे. आणि आज नाही सांगितलं तर मग कधी सांगणार?

ताई या प्रयोगशाळेत आली एकतीस वर्षांपूर्वी, अ‍ॅडहेसिव्ह सेक्शनमध्ये. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना वाटतं की ती पहिल्यापासून भांडारातच होती, नमुन्यांच्या नोंदी ठेवणारी. तसं नाही. दोन वस्तू एकमेकींना कशा धरून ठेवतात, हे तिच्याइतकं नीट समजलेलं माणूस या इमारतीत तेव्हा नव्हतं. आज आहे की नाही, मला शंका आहे. अ‍ॅडहेसिव्ह सेक्शनच्या मंडळींनी राग मानू नये.

मी पाच वर्षांनी लागले, भट्टीत. मग काय, आमची घरातली भांडणं थेट प्रयोगशाळेत आली. मी म्हणायची, तुझं ते चिकटवायचं पॉलिमर म्हणजे नुसती लांबच लांब गुंतवळ, ओढलं की ताणणार, तापलं की मऊ पडणार, त्याला काही कणा आहे का? आणि ती म्हणायची, "कपबशी, तू गप्प बस." मला ती कपबशीच म्हणायची. तिचं म्हणणं असं की सिरॅमिकमधले अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की जरासुद्धा सरकायला तयार नसतात. धातूवर घाव बसला की त्याचे थर थोडे सरकतात, पोचा पडतो आणि भागतं. पॉलिमरच्या साखळ्या ताणल्या जातात, वळतात, सोसतात. सिरॅमिकला सरकणं माहीत नाही, म्हणून त्याला एकच गोष्ट येते, तडकणं. "अगदी तुझ्यासारखं," म्हणायची, "हजार अंश सोसशील, पण कुणी जरा टोकलं की दोन तुकडे." कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणायची. मी रुसायची. मग माझ्या चहाचे पैसे तीच द्यायची.

आता थोडं कामाचं बोलते. कॅन्टीनच्या मंडळींनाही कळेल असं बोलते.

सिरॅमिकची चकती पोलादाला चिकटवायची, हे ऐकायला सोपं वाटतं. पण तापल्यावर पोलाद जास्त फुगतं आणि सिरॅमिक कमी. दोघं आपापल्या चालीनं चालतात आणि मधल्या थराची ओढाताण होते. ताई म्हणायची, मधल्या थराला सासर आणि माहेर दोन्ही सांभाळावं लागतं. म्हणून तिनं तीन वर्षं खपून एक पद्धत बसवली. सिरॅमिकच्या बाजूला पातळ, कडक थर. पोलादाच्या बाजूला जरा मऊ, ताण सोसणारा थर. दोन्ही एकाच वेळी पक्के व्हायचे. हे सगळं तिचं, स्वतःचं. कुठून आणलेलं नाही, कुणाचं बघून केलेलं नाही.

आणि या सगळ्याचा पाया काय? तर पुसणं. पृष्ठभाग स्वच्छ नसेल तर जगातलं कुठलंही अ‍ॅडहेसिव्ह कामाचं नाही. तुमच्या बोटाला डोळ्यांना न दिसणारं तेल असतं. सगळ्यांच्याच असतं. ते पृष्ठभागाला लागलं की अ‍ॅडहेसिव्ह चकतीला चिकटायचं सोडून त्या तेलाला चिकटतं, आणि तेल काही कुणाला धरून ठेवत नाही. म्हणून ताई अ‍ॅसिटोननं पुसायची, मग चकतीवर डिस्टिल्ड वॉटर ओतून बघायची. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर स्वच्छ. पाणी आक्रसून त्याचे थेंब झाले तर परत पुसा. मग ओव्हनमध्ये वाळवून चकती काचेच्या झाकणाखाली ठेवायची. त्यानंतर तिला कुणीही हात लावायचा नाही.

तिच्या टेबलावर एक नियम चिकटवलेला होता. जुन्या लोकांना आठवेल. "हात लागला तर सांगा. कुणी रागावणार नाही. परत पुसू." एवढंच. चाळीस मिनिटांचं काम परत करावं लागायचं, पण खरंच, ती कधीही रागावली नाही. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी एकदा शिंक दिली होती थेट चकतीवर. मिस्त्री, तुम्ही मागे बसला आहात ना? ती फक्त म्हणाली, "बरं, मग परत पुसू."

हा नियम तिचा लहानपणापासूनचा. मी सहा वर्षांची असताना आईची आवडती बशी माझ्या हातून फुटली. मी तुकडे जुळवून जशीच्या तशी करायला गेले आणि अंगठा कापून घेतला, आडवा, खोल. ताई दहा वर्षांची. तिनं कापडाची पट्टी बांधली आणि मला आईसमोर उभं केलं. म्हणाली, "आधी सांग, मग रड." मी सांगितलं. आई रागावली नाही, उलट तिनं मला जवळ घेतलं. त्या जखमेचा वण अजून आहे. इथून तुम्हाला दिसणार नाही, पण अंगठ्याच्या ठशात मधोमध एक पांढरी रेघ आहे.

चौदा वर्षांपूर्वी ताईच्या पद्धतीची शेवटची चाचणी होती. चकती आणि पोलादाचे सहा सांधे आधी उत्तम टिकले होते. सातवा सांधा बाहेरच्या पाहुण्यांसमोर ओढून दाखवायचा होता. तो टिकला की पद्धत मंजूर होणार होती, तिच्या नावानं स्वतंत्र विभाग होणार होता. चकती माझ्या भट्टीतली. आदल्या दिवशी दुपारी तिनं ती पुसली, पाण्यानं तपासली, वाळवली, झाकणाखाली ठेवली आणि अ‍ॅडहेसिव्ह मिसळायला शेजारच्या खोलीत गेली.

मी आत आले. माझ्या मनात एकच भीती होती. माझ्या चकतीला बारीक भेग असली तर? ताईचा सांधा माझ्यामुळे फुटायचा. आता भट्टीच्या लोकांची एक खोड असते. आम्ही चकती दोन बोटांत धरतो आणि नखानं टिचकी मारतो. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर भेग. आणि हे मोजे घालून होत नाही, आवाज दबतो. मी झाकण उचललं, चकती अंगठा आणि तर्जनीत धरली, वाजवली. अशी सुरेल वाजली म्हणून सांगू! मला इतका आनंद झाला. मी ती होती तशी परत ठेवली, झाकण लावलं आणि निघून गेले. आपण काय केलं, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा काटा अकराच्या पुढे जायला हवा होता. तो दोनवर असतानाच सांधा सुटला. फुटला नाही, सुटला. चकती एकीकडे, पोलाद दुसरीकडे. कुणाला मोठा आवाजसुद्धा आला नाही.

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. ताईनं सुटलेली बाजू भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली आणि मान वर केली. सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात तिनं मला विचारलं, "तू हात लावलास का?"

आणि त्या क्षणी मला आठवलं. टिचकी आठवली, तो आवाज आठवला.

मी म्हणाले, "नाही."

घाबरले होते असं म्हणाले तर तुम्ही मला समजून घ्याल. पण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले आहे. भीती नव्हती. लाज वाटली. पंधरा माणसांदेखत माझ्या हातून एवढी बाळबोध चूक झाली, हे तोंडातून निघेना. वाटलं, नंतर एकटीला गाठून सांगू. संध्याकाळी सांगू. रविवारी घरी जाऊन सांगू.

ताईनं पुन्हा विचारलं नाही. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, "पृष्ठभाग अस्वच्छ. जबाबदारी माझी." पद्धत बासनात गेली. दोन महिन्यांनी तिची बदली नमुना-भांडारात झाली. पहिल्या दिवशी ती हातमोज्यांचा खोका घेऊन दारात उभी राहिली, आणि मग रोज उभी राहिली. चौदा वर्षं. तुम्ही तिचं नाव मोजेताई ठेवलंत. ती हसायची. मी त्या दारातून जायची तेव्हा मलाही ती मोजे द्यायची, माझ्याकडे न बघता.

आमचं बोलणं बंद झालं असं नाही. बंद झालं असतं तर बरं, निदान भांडण तरी मिटवलं असतं. आम्ही बोलायचो. "मॅडम, नमुने पाठवलेत." "पोचले, मॅडम." सख्ख्या बहिणी! कपबशी हा शब्द मी त्यानंतर ऐकला नाही. तिच्या घरी जाणं मी आधी कमी केलं, मग टाळायला लागले, मग बंदच केलं. अ‍ॅडहेसिव्ह लावल्यावर दोन बाजू जोडायला ठरावीक मिनिटं असतात, त्यानंतर वरचा थर सुकतो आणि मग कितीही दाबा, उपयोग नसतो. हे मला तिनंच शिकवलं होतं. मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

ताईच्या आजाराबद्दल तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलते. तिला विसरायला होतं. दोन वर्षांपूर्वी एकाच बरणीवर दोन लेबलं लागली. मग एकदा ती मोज्यांवर मोजे घालून बसली. म्हणून ती मुदतीच्या तीन वर्षं आधी निवृत्त होते आहे. आजचा कार्यक्रम कुणाचा, हे सकाळपासून तिला चार वेळा सांगून झालंय. चारही वेळा ती म्हणाली, "अरे वा, जायला हवं."

गेल्या महिन्यात तिचं टेबल आवरायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात खालच्या खणात, कापसात गुंडाळलेली एक छोटी बाटली निघाली. आत अ‍ॅडहेसिव्हचा सुकलेला पापुद्रा, नखाएवढा. लेबलवर तिचं रेखीव अक्षर: "सांधा क्र. ७. कारण माहीत आहे." मी तो भिंगाखाली धरला. पापुद्र्यावर अंगठ्याचा ठसा होता. आणि ठशात मधोमध आडवी रेघ.

जिनं तो अंगठा बांधला होता, तिला ती रेघ ओळखता येणार नाही का? तिला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. म्हणजे तिनं मला विचारलं ते कळावं म्हणून नव्हतं. मी सांगावं म्हणून होतं. चौदा वर्षं ती दारात मोजे घेऊन उभी होती आणि वाट बघत होती, आणि मी समोरून जात येत होते.

मी त्याच दुपारी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "ताई, सातव्या सांध्याला हात मी लावला होता." माझी भाची ओट्याशी उभी होती, तिच्या हातातला चमचा खाली पडला. ताईनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. म्हणाली, "मग परत पूस. पहिल्यापासून." आणि मटार सोलायला लागली.

मी रडत होते. दहा मिनिटं गेली असतील. तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "तू हात लावलास का?"

भाची मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "मावशी, आई दोन वर्षं हेच विचारतेय. दिसेल त्याला विचारते. मला, बाबांना, शेजाऱ्यांना. दूध टाकणाऱ्या काकांना विचारलं, ते बिचारे शपथा घ्यायला लागले. आम्ही सगळे तिला शांत करायला 'नाही गं, कुणी नाही लावला' म्हणतो, आणि ती आणखीच बेचैन होते. घरभर फिरत राहते. आज पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं."

तिचं बाकी सगळं पुसट होत चाललंय. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. राहिला आहे तो एक प्रश्न, आणि त्याचं खरं उत्तर या जगात फक्त माझ्याकडे होतं. ते घेऊन मी ही दोन वर्षंही तिच्या घराकडे फिरकले नाही. याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

संचालक साहेब, मी तिची फाइल कपाटातून काढली. गेले तीन आठवडे तिच्या पद्धतीनं, मोजे घालून, सात सांधे केले. काल सातही ओढले. सातही वेळा माझी चकती फुटली, सांधा एकदाही सुटला नाही. भट्टीतल्या बाईला स्वतःची चकती फुटल्याचा आनंद व्हावा, हे पहिल्यांदाच घडलं असेल. त्या सात नोंदी आणि चौदा वर्षांपूर्वीचं ते पान मी आज सोबत आणलंय. माझी विनंती आहे, त्या पानावर कारणाच्या रकान्यात दुरुस्ती व्हावी. "जबाबदारी माझी" हे शब्द तिच्या सहीचे आहेत, ते खोडावेत आणि खाली माझी सही घ्यावी. तुम्ही मान हलवलीत, मी आभारी आहे. माझ्यावर जी काही कारवाई व्हायची ती होऊ दे.

तिच्या हातात आत्ता जे स्मृतिचिन्ह आहे, त्यावरची पाटी मी चिकटवली आहे. पाण्याचा पापुद्रा तीनदा बघितला. ती मघापासून पाटीची कडा नखानं तपासते आहे, दिसतंय मला. निघणार नाही ताई.

अध्यक्ष महोदय, तुमचं घड्याळ मी विसरलेच. तुम्ही सर्वांनी हे ऐकून घेतलंत, मध्ये कुणी उठून गेलं नाही, याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर पदरात घ्या. क्षमा मागायला मी फार उशिरा शिकले आहे, तेव्हा ती अजून नीट...

थांबा. एक मिनिट. ताई काहीतरी विचारते आहे.

काय गं ताई?

हो. मी लावला. मीच लावला, ताई.

मागच्या रांगांपर्यंत पोचलं नसेल, म्हणून सांगते. ती म्हणाली, "मग परत पूस, कपबशी. मी थांबते."

मला आता खाली जाऊ दे. नमस्कार.